मधल्या वयाचीं पुस्तकें

गेल्या श्रावणांत एका मंगळागौरीच्या निमित्तानें आम्ही भंडारा जिल्ह्यांतील पवनी या गांवीं आप्तांच्या घरीं चार दिवस राहून आलों. घर जुन्या वळणाचें, सुशिक्षित आणि पुस्तकांची आवड असलेलें. माजघराच्या भिंतीशीं तीन खणांचें एक कपाट आहे. दुसऱ्याच्या कपाटांत डोकावूं नये हा शिष्टाचार पुस्तकांच्या कपाटाला लागू नाहीं, अशी आमची जुनी समजूत असल्यामुळें पहिल्याच दुपारीं आम्ही तें उघडलें. खालच्या खणांत पंचतंत्र, इसापनीति, बिरबलाच्या गोष्टी, रंगीत चित्रांचीं पुस्तकें. सगळ्यांचे कोपरे झिजलेले. वरच्या खणांत दासबोध, ज्ञानेश्वरी, 'ययाति', 'स्वामी', 'मृत्युंजय'. मधल्या खणांत मात्र गणित-विज्ञानाचीं मार्गदर्शकें आणि दहावीचे प्रश्नसंच दाटीवाटीनें बसले होते. आमच्या ओळखीच्या किती तरी घरांतलीं कपाटें अशींच लागलेलीं आहेत. लहानांचें वाचन खालीं, थोरांचें वर, आणि या दोहोंच्या मध्यें जें वय येतें त्याच्या वांट्याला केवळ परीक्षा.

त्या घरांत अशा वयाची एक मुलगी आहे. नववींत शिकते. तिच्या आईनें तक्रार केली, "पूर्वी जेवतांना सुद्धां पुस्तक सोडत नव्हती. आतां दोन वर्षांपासून हात लावत नाहीं. सारखा मोबाईल." मुलगी कांहीं बोलली नाहीं. पण संध्याकाळीं अंगणांत बसलों असतां ती एक वही घेऊन आली आणि आजीकडे पाहत म्हणाली, "आजोबा, तुम्ही मासिकांत लिहितां ना? मग हें वाचाल?"

वहींत एक गोष्ट होती, चांगली पन्नास पानांची. पुण्यांतल्या एका शाळेंतला मुलगा, त्याची सायकल, सिंहगडावर सांपडलेली एक संशयास्पद पेटी, पेटीच्या मागें लागलेले दोन इसम. भाषा स्वच्छ, घटनांना वेग. पण सिंहगडाच्या वाटेवर तिनें धानाचीं शेतें लावलीं होतीं आणि पायथ्याशीं एक रुंद, वाळवंटाची नदी वाहवली होती. आम्ही विचारलें, "तूं पुणें पाहिलें आहेस?" तिनें नकारार्थी मान हलविली. "मग गोष्ट तिथें कां नेलीस? इथें पवनीला गड नाहीं का? तट आहे, खंदक आहे, वेशीचा जुना दरवाजा आहे. पलीकडे वैनगंगा आहे."

ती हंसली. "इथं काय घडते, आजोबा? पुस्तकांत तर पवनी कुठंच नसते."

रात्रीं अंथरुणावर पडल्यावर हें वाक्य आम्हांस झोंप येऊं देईना. तिचें म्हणणें खोटें नव्हतें. आणि तरीही, ज्या नमुन्यावरून तिनें आपली गोष्ट बेतली होती, तो नमुनाच तिच्या म्हणण्याला उत्तर देत होता. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा मूळचा पुण्याचा नव्हे. बनेश फेणे आला फुरसुंगीहून. भागवत लिहूं लागले तेव्हां फुरसुंगी हें पुण्याबाहेरचें एक साधें खेडें होतें. तिथें तरी काय घडत होतें? भागवतांनीं एक काटकुळा, चपळ, नको तिथें नाक खुपसणारा मुलगा त्या गांवाच्या नांवासकट उचलला, त्याच्या हातीं सायकल दिली, आणि त्यानंतर महाराष्ट्रांतल्या तीन पिढ्यांना फुरसुंगी कोठें आहे हें ठाऊक नसलें तरी तें गांव पराक्रमाचें आहे एवढें पक्कें ठाऊक झालें. गोष्ट घडण्याजोगें गांव म्हणून कोणतेंही गांव जन्माला येत नाहीं; कोणी तरी तेथें गोष्ट घडवावी लागते. आणि ती चौदाव्या वर्षीं वाचावयास मिळाली तरच वाचणाऱ्याला तें कळतें. चाळिसाव्या वर्षीं कळून फारसा उपयोग नाहीं. तोंवर माणसानें आपल्या गांवाविषयींचें मत कायम करून टाकलेलें असतें.

कुमारवाङ्मयाचें महत्त्व आम्ही येथें पाहतों. वाचनानें भाषा सुधारते, ज्ञान वाढतें, वगैरे गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या शब्दकोशानेंही होतात. बारा ते अठरा या वयांत मुलाला एकाच वेळीं दोन शोध लागत असतात: आईबाप सर्वज्ञ नाहींत हा एक, आणि आपण केलेल्या गोष्टीचा दोष आतां आपल्यालाच लागणार हा दुसरा. बालकथेंत संकट आलें तर राजा, परी किंवा आजी धांवून येते. प्रौढांच्या कादंबरींत संकट बहुधा आधींच येऊन गेलेलें असतें आणि माणसें त्याचा हिशेब करीत बसलेलीं असतात. या दोहोंच्या मधली जी गोष्ट, तिच्यांत संकट समोर उभें आहे, मोठीं माणसें दूर आहेत किंवा चुकत आहेत, आणि निर्णय मुलालाच घ्यावयाचा आहे. असें पुस्तक ज्याच्या हातीं योग्य वेळीं पडत नाहीं, तो वाचनापासूनच दूर जातो. कारण खालच्या खणाची त्याला लाज वाटते आणि वरच्या खणाचा त्याला कंटाळा येतो. ती मुलगी वाचीत नाहीं ही तिच्या आईची तक्रार, वास्तविक त्या कपाटाविरुद्ध करावयास हवी होती.

मराठींत अशी पुस्तकें झालींच नाहींत असें नाहीं. वा. गो. आपटे यांनीं १९०६ सालीं 'आनंद' मासिक काढलें. इकडे नागपुराहून 'मुलांचे मासिक' निघे. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' आणि त्यांची 'चिंगी' यांनीं घरांघरांतून खोड्या करण्यास प्रतिष्ठा मिळवून दिली. साने गुरुजींनीं १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिली. तिला आपण आईचें पुस्तक म्हणून पूजितों, परंतु आमच्या मतें तिचें बळ श्यामच्या ठिकाणीं आहे. तो खोटें बोलतो, पोहावयास भितो, चोरी करतो, रुसतो, आणि या साऱ्याचा कबुलीजबाब स्वतः देतो. उपदेश त्यांत आहे, नाहीं असें कोण म्हणेल? पण तो चुकलेल्या मुलाच्या तोंडून येतो म्हणून मुलें तो सोसतात. पुढें गुरुजींचें अनुकरण करणाऱ्यांनीं नेमकें उलट केलें. त्यांनीं उपदेश ठेवला आणि चूक काढून टाकली. त्या सद्गुणी नायकांचीं पुस्तकें पारितोषिक म्हणून वांटण्यास फार सोयीचीं पडलीं. तीं कोणी वाचलीं कीं नाहीं हा निराळा प्रश्न.

१९७१ च्या १४ नोव्हेंबरला पाठ्यपुस्तक मंडळानें 'किशोर' मासिक सुरू केलें, तें आजतागायत चालू आहे. मराठींतल्या मोठमोठ्या लेखकांनीं व चित्रकारांनीं त्यासाठीं काम केलें, आणि त्याचे जुने अंक आतां इंटरनेटवर विनामूल्य वाचतां येतात. ज्या घरांत मोबाईलविषयीं तक्रार आहे त्या घरानें हें विशेषेंकरून लक्षांत घ्यावें. पवनीच्या त्या मुलीला आम्ही तिच्याच मोबाईलवर ते अंक उघडून दिले. आईच्या मुद्रेवर थोडी गैरसोय दिसली, कारण तक्रारीचा विषयच हातांतून निसटत होता.

पण मासिक म्हणजे पुस्तक नव्हे, आणि आमच्यासारख्या घरांना खरी धास्ती पुस्तकाचीच असते. एक धास्ती दहावीची. आठवी संपली कीं अवांतर वाचन बंद, असा अलिखित कायदा आपण केला आहे. आणि मग महाविद्यालयांत मुलें मराठी वाचीत नाहींत म्हणून परिसंवाद भरवितों. दुसरी धास्ती अधिक नाजूक आहे. या वयाच्या गोष्टींत ओढ येणार, मत्सर येणार, वर्गांतल्या कोणाकडे तरी चोरून पाहणें येणार. मिलिंद बोकिलांची 'शाळा' ही कादंबरी २००४ सालीं प्रसिद्ध झाली. ती आणीबाणीच्या काळांतल्या नववीच्या मुलांची आहे, आणि लिहिली गेली ती मुख्यतः मोठ्यांसाठीं. किती तरी घरांत ती वरच्या खणांत, मागच्या रांगेंत ठेवलेली आम्ही पाहिली आहे, आणि किती तरी नववीच्या मुलांनीं ती तेथूनच काढून वाचली आहे. आम्हांस यांत वावगें दिसत नाहीं. आम्ही स्वतः त्या वयांत बाबूराव अर्नाळकरांचीं रहस्यकथांचीं पुस्तकें बीजगणिताच्या पुस्तकांत घालून वाचलीं आहेत, आणि वडिलांना तें ठाऊक होतें हें आम्हांस फार उशिरां कळलें. 'शाळे'तल्या मुकुंदाला जें वाटतें तें वाचून मुलें बिघडत नाहींत. असें वाटणारे आपण एकटेच नाहीं, एवढें त्यांना समजतें. आणि त्या वयांत एवढ्यासाठीं माणूस काय वाटेल तें देईल.

आपल्या मुलींपैकीं ज्यांच्या हातीं शांताबाई शेळके यांची 'चौघीजणी' पडली असेल, त्यांना हें निराळें सांगावयास नको. लुइझा मे अल्कॉटनें मूळ पुस्तक १८६८ सालीं अमेरिकेंत लिहिलें. बर्फ, नाताळ, पियानो, सगळें परकें. तरीही आमच्या पाहण्यांत अशा तीन-चार लेखिका आहेत कीं ज्या सांगतात, माळ्यावर बसून लिहिणारी जो वाचली आणि आपणही लिहावें असें प्रथम वाटलें. धाकटी बहीण रागानें तिचें हस्तलिखित जाळते तो भाग वाचून त्या रडल्या होत्या. मरणाच्या प्रसंगाला रडल्या नसतील इतक्या. होतकरू लेखकाला अशा वाचनानें काय मिळतें तें येथें स्पष्ट दिसतें. लिहिणें हें कोणा थोर, दिवंगत पुरुषाचें काम नसून आपल्या वयाची एक मुलगी शाईनें बोटें माखून तें करते, हें त्याला दिसतें.

अमेरिकेंतील ग्रंथपालांच्या संघटनेनें १९५७ सालीं या वयाच्या वाचकांसाठीं स्वतंत्र विभागच केला. पण विभाग केल्यानें पुस्तकें होत नाहींत. दहा वर्षांनीं, १९६७ सालीं, ओक्लाहोमा प्रांतांतील टल्सा गांवच्या सुझन हिंटन नांवाच्या मुलीची 'द आउटसायडर्स' ही कादंबरी निघाली. ती लिहावयास घेतली तेव्हां ती पंधरा वर्षांची होती आणि छापून आली तेव्हां अठरा. तिचें म्हणणें एवढेंच होतें कीं, आपल्या वयाच्या मुलांसाठीं जीं पुस्तकें आहेत त्यांत आपल्या शाळेच्या मागें रोज दिसणारीं मुलें कोठेंच नाहींत. पुरुष परीक्षकांनीं नाक मुरडूं नये म्हणून प्रकाशकांनीं तिच्या नांवाचीं फक्त आद्याक्षरें छापलीं. टल्सा म्हणजे न्यूयॉर्क नव्हे. त्या अफाट देशांतलें तें एक आडबाजूचें शहर. पवनीच्या मुलीचें वाक्य आणि टल्साच्या मुलीचें वाक्य एकच आहे. फरक इतकाच कीं एकीनें त्या वाक्यावरून आपल्या गांवाची गोष्ट लिहिली आणि दुसरीनें सिंहगड गांठला.

येथें होतकरू लेखकांस एक सांगावेसें वाटतें, कारण त्यांचीं पत्रें आम्हांकडे बरींच येतात. 'आधीं मुलांसाठीं लिहून हात बसवूं, मग मोठ्यांसाठीं लिहूं', असें त्यांतले कांहीं जण म्हणतात. हा क्रम उलटा आहे. मोठा वाचक लेखकाच्या कीर्तीकरितां, विकत घेतलेल्या किंमतीकरितां, निदान झोंप येईपर्यंत तरी पुस्तक धरून ठेवतो. चौदा वर्षांचा वाचक तिसऱ्या पानावर पुस्तक मिटून खेळावयास जातो, आणि कारणही सांगत नाहीं. शिवाय या वयाचें लिहावयाचें म्हणजे तें वय जसेंच्या तसें आठवावें लागतें. मागाहून आलेलें शहाणपण त्यांत मिसळलें कीं मुलाला लगेच वास येतो. प्रकाश नारायण संतांनीं लंपनच्या पहिल्या कथा १९६० नंतरच्या दशकांत लिहिल्या. 'वनवास' हें पुस्तक निघालें १९९४ सालीं. मधल्या काळांत ते भूगर्भशास्त्र शिकवीत होते. तीस वर्षें थांबूनही लंपनचें वय वाढलें नाहीं, ही त्या लेखनांतील सर्वांत अवघड गोष्ट आहे, आणि ती वाचतांना अवघड वाटत नाहीं.

आतां भंडाऱ्याकडे पुन्हां वळूं. या जिल्ह्यांत गोष्टी नाहींत काय? पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० सालीं उत्खनन झालें आणि दोन हजार वर्षांहून जुन्या बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. त्या टेकडीच्या आसपास मुलें आजही खेळतात. तुमसर तालुक्यांत चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजच्या खाणी आहेत. मोहाडीकडे कोशाचें रेशीम विणलें जातें, भंडाऱ्याला पितळेचीं भांडीं घडविणाऱ्यांची जुनी परंपरा आहे, आणि गांवोगांवीं मालगुजारीच्या काळाचे तलाव आहेत. रानांविषयीं म्हणावें तर नागझिऱ्याचें अरण्य हा जिल्हा अखंड होता तेव्हां याच जिल्ह्यांत होतें. त्यावर लिहिलें कोणी? माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर तेथें येऊन राहिले आणि १९७९ सालीं 'नागझिरा' लिहून गेले. सोलापूरचे मारुती चितमपल्ली वनखात्यांतील नोकरीमुळें या भागांत आले आणि नवेगांव-नागझिऱ्याचे पक्षी, तळीं, शब्द मराठीला देऊन २०२५ सालीं निवर्तले. दोघांचेही उपकार मोठे आहेत. पण दोघेही बाहेरून आलेले, आणि प्रौढ. त्या रानाच्या कडेला जन्मून, तेंदूपानांच्या हंगामांत आईबरोबर रानांत जाणाऱ्या मुलाला तें कसें दिसतें, त्या मुलाची कादंबरी आमच्या वाचनांत आलेली नाहीं.

अशी एक गोष्ट आमच्या हातीं मात्र आली होती, आणि ती आम्हीच घालविली. हें लिहिण्याचें आम्ही आजवर टाळलें.

वीसेक वर्षांपूर्वी एका मासिकाचे दिवाळी अंक सिद्ध करण्याचें काम आम्हांकडे होतें. पवनी तालुक्यांतल्या एका मुलाची गोष्ट टपालानें आली. गोसीखुर्द धरणाचें भूमिपूजन १९८८ सालीं झालें, आणि पुढें वैनगंगेच्या पाण्याखालीं अनेक गांवें जावयाचीं होतीं. त्यांपैकीं एका गांवांतल्या मुलाची ती गोष्ट. घर सोडण्याच्या आदल्या दिवशीं बाप मुलाला घेऊन आपल्या शेताला फेरी घालतो, एवढाच प्रसंग. गोष्ट आम्हांस आवडली आणि आम्ही ती छापलीही. छापण्यापूर्वी मात्र आम्ही ती 'नीट' केली. त्यानें 'बांधी' लिहिलें होतें, आम्ही 'शेत' केलें. 'बोडी'चें 'तळें' केलें, 'डोंग्या'ची 'होडी' केली. बाप 'पानी' म्हणत होता, त्याला 'पाणी' म्हणावयास लावलें. आणि शेवटीं दोघे कांहीं न बोलतां परत येतात, तेथें बापाच्या तोंडीं मातृभूमीविषयींचीं दोन वाक्यें घातलीं. तीं आमचीं होतीं आणि तेव्हां आम्हांस फार सुंदर वाटलीं होतीं.

अंक पोंचल्याचें त्याचें कार्ड आलें. गोष्ट छापल्याबद्दल आभार मानले होते. खालीं एकच ओळ होती: "माझे बाबा असे बोलत नाहींत." त्यानंतर त्याच्याकडून कांहीं आलें नाहीं. आम्ही दोनदां मागविलें, उत्तर नाहीं. आज तो पस्तिशीच्या पुढें असेल. लिहितो कीं नाहीं, कोठें असतो, ठाऊक नाहीं. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्यांनीं झाडीबोलीसाठीं केलेलें काम आम्ही पुढें वाचलें, तेव्हां आपण खोडलेले शब्द अशुद्ध नव्हते, ते त्या भागांतल्या बोलीचे जुने, नेमके शब्द होते, हें ध्यानांत आलें. बांधी म्हणजे नुसतें शेत नव्हे. बांध घालून पाणी अडविलेलें धानाचें खाचर तें. तें पाण्याखालीं जाणार आहे या गोष्टीचा सारा घाव त्या एका शब्दांत होता. मुलाला तें कळलें होतें, संपादकाला कळलें नाहीं.

पवनीहून निघतांना आम्ही हें त्या मुलीला सांगितलें. सगळें नाहीं, शब्दांपुरतें. तिनें फारसें कौतुक दाखविलें नाहीं; 'डोंगा' हा शब्द छापण्याजोगा आहे याचेंच तिला नवल वाटलें. तिच्या आईला दोन विनंत्या करून आलों: मधला खण रिकामा करावा, आणि वही तपासूं नये. पहिली तिनें लगेच मान्य केली. दुसरीवर, "मुलगी आहे, काय लिहीते तें पाहायला नको का?" असें तिचें म्हणणें पडलें, आणि त्यावर सासूबाईंनीं, "तूं माझ्याकडे होतीस तेव्हां तुझीं पत्रें मीं उघडलीं होतीं का?" असें विचारून तो वाद आमच्या देखत तरी मिटविला.

मागच्या आठवड्यांत एक जाड पाकीट आलें. नव्या गोष्टीचीं दोन प्रकरणें आहेत. नायक आतां मुलगी झाली आहे, सायकल कायम आहे. टेकडीजवळ तिला एक खापराचा तुकडा सांपडतो, तो घरांतल्या एका मोठ्या माणसानें परस्पर विकल्याचा तिला संशय येतो, आणि त्या माणसावर तिचें फार प्रेम आहे. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटीं ती पहांटेच्या अंधारांत एकटीच डोंगा सोडून वैनगंगेच्या मध्यावर गेली आहे, आणि पलीकडच्या तीरावर कंदील घेऊन कोणी तरी उभें आहे. आम्ही एकही शब्द बदललेला नाहीं. पाकिटांत आईची चिठ्ठी होती. सहामाही परीक्षा सुरू असल्यामुळें तिसरें प्रकरण दिवाळीनंतर पाठविण्यांत येईल, आणि कंदीलवाला कोण हें घरांत कोणालाही सांगावयास ती तयार नाहीं.